एका नावावरची माणसं

परवा दुकानात एक गिऱ्हाईक आलं. भाडेकराराची प्रिंट निघेपर्यंत बसलं आणि बसल्या बसल्या समोरच्या टॉवरकडे बोट दाखवून मलाच आमच्या गल्लीचा इतिहास सांगायला लागलं. म्हणे, गिरण्यांचा संप फसला आणि इथली सगळी पोरं गुंड झाली. मी स्क्रीनवरून मान न वळवता विचारलं, "सगळी? कागद काय म्हणतो?"  विचारलं आणि मीच चमकलो, कारण हे वाक्य माझं नव्हतंच. माझ्या तोंडून गमरेबाई बोलल्या होत्या. तो माणूस कागद घेऊन गेला. मी मात्र दिवसभर बाईंच्या विचारात.

काळाचौकीला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. दोन कॉम्प्युटर, एक मशीन, आणि गिऱ्हाइकाने बसायचं एक स्टूल. इथे लोक येतात ते ॲफिडेव्हिट, बायोडेटा, लग्नाचा बायोडेटा, सोसायटीच्या तक्रारी असलं काहीबाही घेऊन. मी तीस वर्षं लोकांच्या तक्रारी टाईप करतोय, त्यामुळे माझा स्वभाव असा झालाय, असं बायको म्हणते. आधीही काही फार गोड नव्हता.

तर अशा दुकानात एके दिवशी एक बाई आल्या. अंगाने काटकुळ्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, सुती साडी, पायात पुरुषी सँडल. स्टुलावर बसल्या नाहीत. फुलस्केपचा गठ्ठा काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "पुस्तक आहे. मराठीत आहे, पण माणसं चिनी आहेत. नावं चुकवलीस तर परत टाईप करावं लागेल."

मी मनात म्हटलं, झालं, हिचा स्क्रू ढिला. पहिलं पान वाचलं. चीनमधला हेनान प्रांत. दोन महायुद्धांच्या मधला काळ. कोळशाच्या खाणी, मालक गोरे, मजूर आसपासच्या खेड्यांतले. त्यांचा संप, महिनोन्‌महिने चाललेला. चुली थंड पडल्यावर त्यातले काही जण डोंगरात जाऊन डाकू झाले, गावं लुटायला लागले. सरकारने पकडून त्यांची मुंडकी वेशीवर टांगली. बाई मराठीत डाकू लिहायच्या, पण कंसात न चुकता चिनी शब्द, थूफेइ. आणि त्याचा 'थ' मी 'त' केला की चिडायच्या.

मी विचारलं, "बाई, हे वाचणार कोण?"

"तू वाचतोयस ना? एक झाला," त्या म्हणाल्या.

यशोधरा गमरे हे पूर्ण नाव. राहायच्या घोडपदेवला चाळीत, एकट्या. रेशनिंगच्या कचेरीत क्लार्क होत्या, रिटायर झाल्या. वडील धोंडू गमरे गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, त्यांच्या जातीच्या लोकांना घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि तो दुसऱ्याच्या तोंडाला लागायचा. हे बाईंनी मला ओळखीच्या दुसऱ्या दिवशीच सांगून टाकलं, मी सावंत आहे हे कळल्यावर. रागाने नाही. हवापाणी सांगावं तसं. माझे वडीलही रिंग खात्यातलेच, त्याच गिरणीतले, हे मी घाईघाईने सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "माहीत आहे. म्हणूनच तुझ्याकडे आले."

चीन त्यांच्या आयुष्यात आला तो फुटपाथवरच्या रद्दीतून. कुणा साहेबाचा जुना इंग्रजी रिपोर्ट मिळाला, त्यात त्या खाणींचं वर्णन. वाचता वाचता त्यांना वाटलं की हे तर आमच्याच गल्लीचं चाललंय. दुसरा कुणी असता तर चहा पिताना दोन लोकांना सांगून विसरला असता. बाईंनी चिनी शिकायला घेतली. कचेरी सुटल्यावर आठवड्यातून तीन दिवस क्लास, असं बारा वर्षं. मग सगळी साठलेली रजा एकदम टाकून त्या हेनानला गेल्या. तिथल्या दप्तरखान्यात झेरॉक्स देत नसत, फोटो काढू देत नसत. बाईंनी पेन्सिलीने उतरवून घेतलं. नऊ वह्या. खाणीचं हजेरीबुक, संप समितीची यादी, अपघातांची नोंदवही, मुंडकी उडवलेल्या डाकूंची जिल्ह्याची यादी. एकेक चिनी अक्षर, बारीक, सरळ ओळीत. मला त्या वह्या पहिल्यांदा दाखवल्या तेव्हा मी हात पँटला पुसून मग हातात घेतल्या. मी कुणाच्या कागदासाठी हात पुसत नाही.

त्यांच्या सवयी एकेक अशा की डोकं फिरावं. पेन्सिलीला ब्लेडने टोक काढायच्या, आणि तेही माझ्या काउंटरवर. चहा बिनदुधाचा, आणि वर तो थंड झाल्यावर. कुणी 'सगळे' म्हणालं की बाई थांबल्याच. 'सगळे म्हणजे कोण? कागद काय म्हणतो?' पोस्टमनलाही हेच आणि भाजीवालीलाही हेच. भाजीवाली म्हणाली, सगळीकडे कोथिंबीर महाग आहे ताई. तर बाई तिला विचारतायत, कुठे कुठे विचारून आलीस? ती बिचारी माझ्याकडे बघायला लागली.

आणि 'बहुधा'. एकदा एका तळटीपेत मी एक शब्द गाळला. वाक्य असं होतं: 'वयातील फरक ही बहुधा लेखनिकाची चूक असावी.' आता 'असावी' म्हटल्यावर 'बहुधा' कशाला? मी काढून टाकला, वाक्य सुटसुटीत केलं, मनात स्वतःची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी बाई हजर. तो शब्द गेल्याने पुढची सात पानं हलली होती, ती सगळी परत काढायला लावली. मी वैतागून म्हटलं, एका शब्दाने काय आभाळ कोसळणार आहे? त्या म्हणाल्या, मला जेवढं माहीत आहे तेवढंच लिहायचं, त्याच्यावर एक गुंज नको. मी सात पानं काढली. तोंडातल्या तोंडात काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमच्या मंडळाच्या पोरांनी एका वर्षी गणपतीला गिरणी कामगारांचा देखावा केला. हलती चित्रं, लाइट, भोंगा, आणि मागे निवेदन. निवेदन बाईंनी लिहावं असं ठरलं, कारण गल्लीत लिहिणारं माणूस तेवढंच. बाईंनी लिहिलं, आणि चांगलंच लिहिलं. पण त्यात हेही होतं, की संपात काही जण पहाटे मागच्या दाराने कामावर गेले, आणि काही जणांची मुलं टोळ्यांत गेली, त्यांनी याच गल्लीतल्या दुकानांकडून हप्ते उकळले. पोरं बिथरली. हा कामगारांचा अपमान आहे, असं सेक्रेटरीचं म्हणणं. त्याने फार गोड आवाजात दोन वाक्यं काढू या म्हणून सांगितलं. बाईंनी सगळं निवेदनच काढून घेतलं. मग पोरांनी कुठूनसं दुसरं आणलं, त्यात सगळे कामगार छाती काढून उभे. मला वाटलं, आता बाई वर्षभर मंडळाकडे फिरकणार नाहीत. कसलं काय! रोज संध्याकाळी घोडपदेवहून चालत येऊन रांगेत उभ्या राहायच्या, देखावा पूर्ण बघायच्या आणि मंडळाच्या वहीत शेरा लिहायच्या: 'दोन गोष्टी राहिल्या आहेत.' दहा दिवस दहा शेरे. अकराव्या दिवशी सेक्रेटरी स्वतः त्यांना प्रसाद द्यायला गेला. शेरे त्याने खोडले नाहीत, एवढं त्याच्याबद्दल चांगलं सांगता येईल.

टोळीत गेलेल्या मुलांबद्दल बाईंना का बोलायचं होतं, ते मला तोवर ठाऊक झालं होतं. गल्लीत सगळ्यांनाच होतं. म्हणजे बऱ्याच जणांना. त्यांचा थोरला भाऊ सिद्धार्थ संपानंतर एका टोळीत गेला आणि दोन वर्षांत चकमकीत मेला. वय बावीस. पेपरात नाव आलं ते 'कुख्यात' हा शब्द लावून. बाई तेव्हा कॉलेजात होत्या. त्या स्वतः हे कधी बोलायच्या नाहीत. पण पुस्तक टाईप करता करता मला कळत गेलं, की बाई हेनानच्या डोंगरात आपल्या भावालाच शोधतायत.

कारण पुस्तकाचा जीव एका प्रकरणात होता, आणि त्या प्रकरणात होता एक माणूस. ज्याओ द-शिंग. नाव दुर्मिळ, असं बाई म्हणायच्या. खाणीच्या हजेरीबुकात हे नाव आहे. संप समितीच्या यादीत हेच नाव आहे. आणि तीन वर्षांनी डाकूंच्या यादीत, मुंडकं उडवलेल्यांत, परत हेच नाव. म्हणजे मजूर, मग संपकरी, मग डाकू. एक साधा माणूस उपाशी राहून डोंगरात कसा ढकलला गेला, हे एका सरळ रेघेत दिसत होतं. मी चिनी माणसासाठी डोळ्यांतून पाणी काढीन असं कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो. त्या प्रकरणाच्या वेळी काढलं. मी घरी वडिलांनाही सांगत बसायचो, आज आमच्या ज्याओचं काय झालं ते.

याच सुमारास बाईंचे डोळे गेले. गेले म्हणजे जायला लागले. पडद्याचा आजार, मधलं दिसेनासं होतं आणि कडेचं राहतं. डॉक्टरांनी वर्षभराची मुदत सांगितली, त्यानंतर वाचणं विसरा म्हणाले. बाई कागद वाचताना तोंड भलतीकडे करायला लागल्या, कडेच्या नजरेने अक्षर पकडायला. दुकानात नवखं कुणी असलं की त्याला वाटायचं, म्हातारी रुसून भिंतीकडे बघत बसलीय. पण पुस्तक होत आलं होतं. प्रकाशक ठरला होता. आता फक्त शेवटची प्रुफं राहिली होती आणि ती मी वाचून दाखवली असती. म्हणून बाई निवांत होत्या.

त्यांची एक पद्धत होती. प्रकरण पक्कं झालं की ते गिरणीतल्या जुन्या माणसांना वाचून दाखवायचं. प्रोफेसर मंडळींना नाही. रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत चारपाच म्हातारे जमायचे, माझे वडील धरून. बाई म्हणायच्या, खाणीतलं मला काय कळतं, यांना कामावरचं कळतं. आणि म्हातारे खरंच चुका काढायचे. संपात बायकांचे दागिने आधी जातात की भांडी, पहिल्या महिन्यात मुकादम कुणाच्या घरी जातो, असलं सगळं. बाई लिहून घ्यायच्या.

ज्याओचं प्रकरण सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. त्या दिवशी वाचत मी होतो, कारण बाईंना आता जमत नव्हतं. चांगलं वाचलं मी. संपलं. एका आजोबांनी नाक पुसलं. बाई खाली मान घालून बसल्या होत्या.

माझे वडील मात्र चुळबुळ करत होते. माझे वडील आत्माराम सावंत, वय ऐंशीच्या पुढे, उभी हयात मुंबईत गेली तरी बोलणं मालवणी. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "यशू, हजेरीबुकातलो माणूस आणि मशीनवरचो माणूस एकच, ह्यां तुका कोणी सांगल्यान?"

मी डोळे मोठे केले. हे प्रकरण मी तीन वेळा टाईप केलं होतं. पण म्हातारा थांबतोय कसला! त्याने सांगायला घेतलं. मुकादमाला धरून लोक दुसऱ्याच्या नावावर कामाला लागायचे. एक आजारी पडला, गावी गेला, मेला, तर त्याचं नाव मोकळं राहायचं. त्या नावावर भाऊ, भाचा, गाववाला, जो मिळेल तो. ते स्वतः सात वर्षं चुलतभावाच्या नावावर होते, भिकाजी म्हणून. खात्यात कुणाला त्यांचं खरं नाव माहीत नव्हतं, अजून काही जण त्यांना भिकाजीच म्हणतात. मग चीनमध्ये मुकादम नव्हते काय? बाईंच्याच पुस्तकात तर होते. मजूर आणायचे ते, हजेरी ठेवायचे तेच.

बाई म्हणाल्या की तिथे तसं असल्याचा कागद नाही.

"तुझो सिद्धार्थ कोणाच्या नावार काम करी?" वडिलांनी विचारलं.

 बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मला हे काहीच माहीत नव्हतं, पण बाकीच्या म्हाताऱ्यांना होतं, ते जमिनीकडे बघायला लागले. धोंडू गमरे छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले तेव्हा सिद्धार्थ त्यांच्या नावावर रोज कामाला जात होता. संप होईपर्यंत. हजेरीबुकात धोंडू. मशीनवर सिद्धार्थ.

बाईंनी पानं गोळा केली, पिशवीत घातली आणि निघून गेल्या. मी वडिलांवर घरी जे तोंड सोडलं त्याची मला अजून लाज वाटते. पुस्तक छापायला चाललं होतं, बाई आंधळ्या होत चालल्या होत्या, आणि याला आत्ताच अक्कल पाजळायची होती! वडील एवढंच म्हणाले, की तिने विचारलं म्हणून सांगितलं, खोटं ऐकायला ती बोलावत नाही.

दोन दिवसांनी बाई दुकानात आल्या. पहिल्यांदाच स्टुलावर बसल्या. ती तळटीप काढ म्हणाल्या, 'बहुधा'वाली. मी स्क्रीनवर काढली आणि वाचली. संप समितीच्या यादीत ज्याओचं वय अडतीस, बायको आणि दोन मुलं. तीन वर्षांनी डाकूंच्या यादीत त्याच ज्याओचं वय एकवीस. वयातील फरक ही बहुधा लेखनिकाची चूक असावी.

माणूस तीन वर्षांत सतरा वर्षांनी लहान होतो आणि आम्हा दोघांनाही त्यात काही वाटलं नव्हतं. मी टाईप केलं, त्यांनी तपासलं, आणि दोघांनी मिळून एका शब्दावरून भांडण केलं. मला हसावं की रडावं कळेना.

बाईंनी ती तळटीप माझ्याकडून परत एकदा वाचून घेतली. मग म्हणाल्या, "मला तो एकच माणूस हवा होता, दिनू. म्हणून मला एकच दिसला."

मी त्यांना समजावायला गेलो. खरंच गेलो, माझ्या परीने. म्हटलं, पुस्तक जाऊ दे असंच, पुढच्या आवृत्तीत बघू. प्रकाशकांचा फोन आला तेव्हा बाईंनी तो स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे मी ऐकलं. ते सज्जन गृहस्थ, आवाज चढवला नाही. त्यांचं म्हणणं की तेच प्रकरण लोकांना आवडणार आहे, आणि अख्ख्या महाराष्ट्रात एका चिनी खाणमजुराचं वय तपासायला बसलंय कोण?

"मी बसलेय," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. छपाई थांबली. प्रकाशकांनी पुढे फोन करणं सोडलं.

मग जे वर्ष गेलं, ते मी जवळून पाहिलं. नऊच्या नऊ वह्या परत पहिल्यापासून वाचायच्या होत्या, प्रत्येक नाव प्रत्येक यादीशी ताडून. हे दुसऱ्या कुणाला देता येईना. ती पेन्सिलीची चिनी अक्षरं अख्ख्या काळाचौकीत दुसरं कोण वाचू शकत होतं? रोज अकरा वाजता बाई यायच्या, कारण त्यांच्या खोलीत उजेड नव्हता आणि माझ्याकडे ट्यूबलाइट होती. भिंग घ्यायच्या, तोंड झेरॉक्स मशीनकडे वळवायच्या आणि कडेच्या नजरेने एकेक अक्षर ओढून काढायच्या. एक पान व्हायला कधी अख्खा दिवस लागायचा. अक्षर सापडलं की मला सांगायच्या, मी यादीत भरायचो. डोळ्यांतून पाणी गळायचं, ते पदराने टिपून पुढे. मी एकदा म्हटलं, बाई, आज पुरे. त्या म्हणाल्या की उद्या हे अक्षर दिसेल याची तू हमी देतोस का? मी परत म्हटलं नाही. गिऱ्हाइकांना मात्र मी त्या वर्षात दुकानात मोठ्याने बोलू दिलं नाही. दोनचार कायमची तुटली. गेली उडत.

सातव्या वहीत ते सापडलं. अपघातांची नोंद, संपाच्या दोन वर्षं आधीची. खाणीत पाणी घुसून मेलेल्यांत ज्याओ द-शिंग. बाईंनी ती ओळ मला तीन वेळा सांगितली आणि प्रत्येक वेळी परत भिंग लावून बघितली. म्हणजे खरा ज्याओ संपाआधीच मेला होता. मुकादमाने ते नाव हजेरीबुकातून काढलंच नाही. त्या नावावर कुणी अडतिशीचा, बायकामुलांचा माणूस लागला, त्याने संप केला. त्याचं पुढे काय झालं, कागद काही सांगत नाही. आणि ज्याचं मुंडकं वेशीवर टांगलं, तो एकवीस वर्षांचा कुणी तिसराच.

मी खुर्चीवरून उठलो. इतकं मोठं घबाड हाती लागलं होतं की मला पेढे वाटावेसे वाटले. बाई खूश होत्या का? होत्या. आणि रडतही होत्या, डोळ्यांच्या आजाराचं पाणी नव्हे ते. एवढी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला तो माणूस नव्हताच. तिघे होते, आणि तिघांतल्या कुणाचंही नाव धड त्यांना ठाऊक नव्हतं.

नवं प्रकरण त्यांनी मला तोंडी सांगितलं. शेवट आला. तो पोरगा डोंगरात कसा गेला, भुकेने की हौसेने, की कुणी जबरदस्तीने नेला, तो खाणीत कधी होता तरी का, हे वाचकाला हवं असणार. बाईंनी सांगितलेलं वाक्य होतं: 'हे मला माहीत नाही.' मी कीबोर्डवरून हात काढला. एवढं रामायण करून शेवटी हे? लोक शिव्या देतील. बाईंनी ते वाक्य परत सांगितलं, तेवढ्याच आवाजात. मी टाईप केलं. आणि खोटं कशाला बोलू, टाईप झाल्यावर ते मला पटलं.

पुढच्या रविवारी ते म्हाताऱ्यांपुढे वाचलं. या वेळी कुणी नाक पुसलं नाही. म्हातारे एकमेकांना सांगायला लागले, कोण कुणाच्या नावावर होता ते. दोन तास सांगत होते. बाई भिंतीकडे तोंड करून ऐकत होत्या, आणि लिहिता येत नाही म्हणून मला हाताने खुणावत होत्या, की लिही, लिही.

दुसरा एक लहानसा प्रकाशक मिळाला. बाईंना आता माणूससुद्धा आवाजावरून ओळखावा लागत होता, आणि त्यांची भाची त्यांना बदलापूरला न्यायला येणार होती. खोली बंद करायच्या आदल्या दिवशी, दुपारी, त्या माझ्याकडे शेवटच्या आल्या. अर्पणपत्रिका राहिली होती. वडिलांनाही बोलाव म्हणाल्या. वडील इस्त्रीचा शर्ट घालून आले, कोर्टात जावं तसे.

बाईंनी सांगितलं, मी टाईप केलं: 'सिद्धार्थ धोंडू गमरे यास.' मग म्हणाल्या, नावावर आकडा टाक, खाली तळटीप आहे. मी थांबलो. तीस वर्षांत अर्पणपत्रिकेला तळटीप मी पाहिली नाही. पण त्यांच्याशी वाद घालायची माझी हौस फिटली होती.

त्या वडिलांकडे वळल्या आणि सरळ उलटतपासणी सुरू केली. सख्ख्या भावाबद्दल. कोणत्या खात्यात? रिंग. कोणती पाळी? दुसरी. तुम्ही पाहिलंत, का ऐकलंत?

"बघलंय," वडील म्हणाले. "आमची मशीनां बाजूबाजूक होती. डाव्या हातान सुताची तार सांधी. उजव्याची सवय त्याका कधी लागली नाय."

 डावखुरा होता, एवढंच बाई म्हणाल्या. मग पुढचा प्रश्न. संपानंतर तो टोळीत गेला, तेही पाहिलंत? वडील माझ्याकडे बघायला लागले. मी मान फिरवली. शेवटी त्यांनी सांगितलं की पाहिलं. आमच्याच चाळीत खालच्या किराणावाल्याकडे हप्ता मागायला आला होता, पट्ट्यात सुरा होता, आणि त्याने वडिलांना ओळखलं तेव्हा नजर खाली केली. हे त्यांनी चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

"दोन्ही लिही," बाई मला म्हणाल्या.

मी लिहिलं. 'रिंग खाते, दुसरी पाळी. वडिलांच्या नावावर बदली कामगार. कोणत्याही हजेरीबुकात नोंद नाही. संपानंतर टोळीत. दोन्हीला साक्ष : आत्माराम सावंत, प्रत्यक्ष पाहिलेले.' मोठ्याने वाचून दाखवलं. बाईंनी प्रिंट मागितली आणि वडिलांना खाली सही करायला सांगितली. आपल्या नोंदींसाठी, म्हणाल्या. वडिलांनी सावकाश, अक्षर अक्षर सुटं काढत सही केली. बाईंनी कागद डोळ्यांच्या कडेशी धरला, पण त्यांना काही दिसलं नसावं. त्यांनी तो काउंटरवर ठेवला, बोटाने सहीची ओली शाई चाचपली आणि बोट तिथेच ठेवून विचारलं, "काका, हे नाव तुमचंच ना?"

"माझांच," वडील म्हणाले.

बाईंनी मान हलवली आणि मला म्हणाल्या, छापायला पाठव.